वरच्या मजल्यावरचं पाणी

११ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच कपाटात टाकशील, असं वाटतंय. तरी लिहिते. फोन तू उचलत नाहीस आणि भाचीकडे निरोप देऊन देऊन मला आता त्या पोरीचीच दया यायला लागली आहे. "मावशी, आई अंघोळीला गेलीय," असं ती म्हणते आणि मागे तुझा खोकला ऐकू येतो.

बातमी अशी, की सरकारी वसाहतीच्या पंपांचं काम आपल्याला मिळालं. 'आपल्याला' लिहिलं आणि थांबले. खोडणार होते. वर्कशॉप आता माझं आहे, भावोजी गेल्यावर तुझ्याकडून रीतसर विकत घेतलेलं आहे, पण हात सवयीनं 'आपल्याला'च लिहितो. राहू दे.

तू का रागावलीस ते मला माहीत आहे. टेंडरला दहा वर्षांचा अनुभव हवा होता. माझा सगळा अनुभव दुसऱ्यांची बिलं तपासण्याचा. म्हणून मी भावोजींच्या वेळचे कामांचे दाखले जोडले, आणि ते मोटर उघडून बसलेत तो फोटोही. तुला कळल्यावर तू म्हणालीस, "तू वर्कशॉप नाही घेतलंस, ह्यांची वीस वर्षं घेतलीस." आणि फोन ठेवलास. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर आहे. विक्रीच्या करारात नाव, हत्यारं, गिऱ्हाइकं आणि अनुभव असं सगळं लिहिलेलं होतं आणि तू ते वाचून सही केलीस. हे उत्तर मी मनातल्या मनात कितीतरी वेळा दिलं. दर वेळी ते बरोबर वाटलं आणि दर वेळी दिल्यावर वाईट वाटलं.

पण मी दुसरं काय करणार होते, सांग. लाँड्रीवाला आता जळलेली मोटर वाइंडिंगला आणत नाही, तेवढ्या पैशात नवी येते म्हणतो. बेकरीवाल्यानं गेल्या वर्षभरात तोंड दाखवलेलं नाही. बाकावर चार माणसं बसतात, त्यांना काम हवं. तुलाही हे दिसत होतं. नसतं दिसलं तर तू विकलंच नसतंस.

काम काय आहे ते तुला कळावं म्हणून सांगते. वसाहतीत दोन पंपघरं आहेत. जुने पंप काढून नवे आपण आपल्या खर्चानं बसवायचे आणि पाच वर्षं आपणच चालवायचे. विजेचं बिल जेवढं कमी येईल त्यातला ठरलेला हिस्सा आपल्याला. सलग दोन महिने बिल कमी आलं की अहवाल द्यायचा, तेव्हापासून हिस्सा सुरू. कमी आलंच नाही तर काही नाही. आत्ता पहिलं पंपघर, दुसरं पुढच्या वर्षी. आणि पहिल्याचा अहवाल मंजूर झाला तर सरकारी रुग्णालयाच्या कामासाठी आपण पात्र. ते काम मिळालं तर दहा वर्षं बघायला नको.

जो सगळ्यात कमी हिस्सा मागेल त्याला काम, असा नियम. लिफाफे उघडताना मी शेवटच्या खुर्चीवर बसले होते, आणि तळहाताच्या घामानं पर्सचा पट्टा ओला झाला होता. थोडक्या फरकानं काम मिळालं. बाकीच्यांनी खर्चात पाण्याचं मीटर धरलं होतं, मी गाळलं. वीज मोजायला विजेचं मीटर आहेच, पाणी मोजून कोणाला काय करायचंय?

ऑफिसच्या चकरा मात्र विचारू नकोस. एकदा शिक्का चौकोनी होता म्हणून परत पाठवलं, गोल पाहिजे म्हणाले. गोल करून नेला तर शाई जांभळी निघाली.

ठरल्याप्रमाणे पहिलं वर्ष सुपरवायझर म्हणून तुझंच लायसन्स आहे, तेव्हा अहवालावर तुझी सही लागेल. तेवढ्यासाठी तरी पत्र उघड.

तू ठेवलेल्या नावानं सही करते,
हिशेबी

*

५ मे

ताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी हे जमेच्या बाजूला धरलंय.

पंप बसला. ती वसाहत तू पाहायला हवी होतीस. आपल्या लहानपणच्या वसाहतीची अगदी नक्कल, एकाच नकाशावरून काढल्यासारखी. तेच चार मजले, जिन्याला तेच सिमेंटचे जाळीदार झरोके, प्रत्येक वळणावर भिंत खांद्याच्या उंचीला काळी पडलेली. मी जिना चढले तेव्हा पायऱ्यांच्या उंचीचा अंदाज पायांना आधीच होता.

आणि पाण्याचीही तीच गत. गच्चीवर टाकी नाही. खालच्या टाकीतून पंप थेट पाइपात पाणी ढकलतो, तेही ठरावीक वेळ. जुन्या पंपाचा जोर मधल्या मजल्यापर्यंतच. वरच्या मजल्याच्या नळांना आवाज यायचा, पाणी नाही. वरचे लोक खालून बादल्या आणायचे आणि स्वयंपाकघरात पिंपं भरून ठेवायचे.

मिस्त्रींनी नवा पंप सुरू केला तेव्हा मी वर होते. मिस्त्री म्हणजे आपले 'सावकाश', नाव तूच पाडलेलं. अजूनही काहीही सांगितलं की आधी "सावकाश, धाकट्या बाई" म्हणतात आणि मग कामाला लागतात. वर एक नर्स राहते, माझ्याच वयाची, घरी तिची म्हातारी सासू. नळ आधी खाकरला, मग गंजाचं लाल पाणी आलं, मग स्वच्छ. सासूबाई धारेखाली हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गरम कसं नाही?" त्यांना वाटलं होतं, एवढं नवीन यंत्र आहे तर गरमच येईल. सगळे हसले. नर्स मात्र हसली नाही. तिनं नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. खात्री करून घेत होती.

मला तू आठवलीस. लहानपणी आपल्या वरच्या मजल्यावर तू नळाला कान लावून उभी असायचीस. धार येणार असं वाटलं, की जिन्यात धावत जाऊन खालच्या काकूंना ओरडायचीस, "नळ बंद करा ना हो, आम्हाला येऊ द्या!" धार नाहीच आली तर बादल्या घेऊन खाली तूच जायचीस. मी अभ्यास करत असायचे.

जाऊ दे. जुना पंप मी त्याच आठवड्यात भंगारात दिला. जागा मोकळी करून दिल्याचं पत्र ऑफिसला लगेच हवं होतं. सावकाश म्हणाले, "सावकाश. साहेब पहिलं बिल येईपर्यंत जुनं मशीन हलवायचे नाहीत." साहेब म्हणजे भावोजी. मी म्हटलं, ते दिवस वेगळे होते.

नर्सनं आणि शेजारच्या बिऱ्हाडांनी पिंपं विकून टाकली असं कानावर आलं. मला त्याचा फार अभिमान वाटला. तुला सांगावंसं वाटलं.

हिशेबी

*

१९ जुलै

ताई,

बिल वाढलं.

पहिल्या महिन्याचं आलं तेव्हा मला वाटलं, आकडा चुकलाय. दुसऱ्याचंही तसंच आलं. मी पंपघरात जाऊन बसले. मोटर तपासली, बेअरिंगला हात लावून पाहिला, पाइप कुठे गळतोय का पाहिलं. सगळं ठणठणीत. मग डोक्यात प्रकाश पडला. पंप चांगला आहे म्हणूनच बिल वाढलंय. तेवढ्याच पाण्याला तो माझ्या अंदाजानं जुन्याच्या निम्मी वीज घेतो, पण पाणी कितीतरी जास्त चढवतो. जे नळ वर्षानुवर्षं कोरडे होते, ते आता वाहतात. लोक अंघोळ करतात, कपडे धुतात, फरशी पुसतात. माणसांसारखं राहतात आणि बिल वाढतं.

कार्यकारी अभियंत्यांना भेटले. हा माणूस लाच मागणारा असता तर मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. तो कंत्राटदाराकडचा चहासुद्धा घेत नाही, स्वतःच्या थर्मासमधला पितो. मी पाण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पूर्वी किती पाणी चढत होतं?"

मी म्हटलं, फारच कमी.

"किती?"

पाण्याचं मीटर बसवलेलं नाही. आता बसवून उपयोग नाही, कारण जुना पंप नाही. तो कधीच वितळून कुठल्या तरी लोखंडी गजात गेला असेल. पूर्वीचं पाणी आता जगात कोणीही मोजू शकत नाही, आणि हे सगळं मीच केलंय. खर्च वाचवायला मीटर गाळलं आणि पत्रासाठी घाईनं पंप विकला. वीस वर्षं मी लोकांच्या बिलांतल्या चुका काढल्या, ताई. माझ्या पोटासाठी मी तेवढंच करत होते.

ते म्हणाले, "मला तुमचं पटतंय. पण मला बिलाचा हिशेब मागायचा अधिकार आहे, पाण्याचा नाही. करारात बिल लिहिलंय." मग पेन्सिलीला टोक करत, माझ्याकडे न बघता म्हणाले, की पंप किती वेळ चालवायचा हे करारानं कंत्राटदारावर सोपवलेलं आहे. तेवढंच.

मी अजून काही ठरवलेलं नाही. हे तुला का सांगतेय तेही कळत नाही. डायरीत लिहायला बसले तर दोन ओळींपुढे जाता येईना. तुला लिहिताना निदान कोणीतरी वाचत असेल असं वाटतं.

रुग्णालयाच्या टेंडरची जाहिरात आली आहे. शेवटची तारीख नोव्हेंबरमधली.

हिशेबी

*

४ ऑक्टोबर

ताई,

चांगली बातमी. ऑगस्ट आणि सप्टेंबर, दोन्ही बिलं कमी आली. बऱ्यापैकी कमी. आपला अंदाज बरोबर होता, फक्त व्यवस्था बसायला थोडा वेळ लागला. अहवाल सोबत पाठवते आहे. खुणा केल्या आहेत तिथे तीन ठिकाणी सह्या कर आणि उलट टपाली पाठव, म्हणजे रुग्णालयाच्या तारखेआधी मंजुरी हातात येईल. परतीच्या पाकिटावर तिकीट लावून ठेवलंय.

आकडे मी स्वतः तपासले आहेत, त्यात काही चूक नाही.

तुझ्या गुडघ्यांचं कसं आहे? भाचीला आशीर्वाद.

हिशेबी

*

२१ ऑक्टोबर

ताई,

पाकीट मिळालं. अहवाल जसा पाठवला तसाच परत आला. सही नाही, आणि सहीच्या जागेखाली पेन्सिलीनं एक ओळ. "वरच्या मजल्यावर पाणी किती वेळ येतं?"

सात महिन्यांत मला तुझ्याकडून आलेली ही एकच ओळ. कशी आहेस नाही, जेवतेस का नाही. मी ती वाचली आणि मला इतका राग आला, की हे लिहितानाही अक्षर नीट येत नाही. तुला सही करायची होती, माझी परीक्षा घ्यायची नव्हती.

हो. मी टायमर कमी केला. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी त्याहून थोडा. एवढ्या वेळात खालच्यांचे सगळ्यांचे नळ एकदम सुरू असतात. त्यांचं भरून झालं की मग पाणी वर चढतं, आणि ते चढेपर्यंत पंप बंद होतो. वरच्यांना सुतासारखी धार मिळते. झालं तुझं समाधान?

आता माझं ऐक. पूर्वी त्यांना थेंबही मिळत नव्हता. आज सुतासारखी का होईना, धार मिळते. मग मी त्यांचं काय वाईट केलं? ते जिथे होते तिथून मी त्यांना पुढेच आणलंय. कराराबाहेर मी काही केलेलं नाही. खोटा आकडा एकही लिहिलेला नाही. हवं तर तू स्वतः येऊन मीटर वाच. आणि हे फक्त दोन बिलांपुरतं होतं, अहवाल मंजूर झाला की वेळ हळूहळू वाढवणार होते. हळूहळू म्हणजे कधी, ते विचारू नकोस.

तू तिकडे मुलीच्या घरी खुर्चीत बसून पेन्सिलीनं एक ओळ लिहितेस. इकडे बाकावरची चार माणसं महिनाअखेरीला माझ्या तोंडाकडे बघतात. पंपाचे हप्ते मी भरते. सावकाश ऑगस्टपासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. टायमर त्यांनी बदलला नाही, मलाच बदलायला लावला. "माझा हात दुखतो," म्हणाले. दुखत नव्हता.

तुला तरी दुसरं काय सुचलं असतं? एकदा सांग. सुचत असेल तर अख्खं पत्र लिही. एक ओळ नको.

(सही करायची राहिली असं नको समजू, मुद्दाम केली नाही.)

*

२५ ऑक्टोबर

ताई,

आधीचं पत्र परत मागवता आलं असतं तर मागवलं असतं. पण लिहिताना त्यातलं काही खोटं वाटलं नव्हतं, फक्त मी ते मनात पुन्हा वाचलं आणि एक वाक्य बोचत राहिलं. 'ते जिथे होते तिथून मी त्यांना पुढेच आणलंय.' हे मी तिथे जाऊन न बघताच लिहिलं होतं. ऑगस्टपासून मी पंपघरापर्यंतच जात होते, जिना चढत नव्हते. माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं, असंही म्हणवत नाही.

परवा सकाळी चढले. नर्सचं दार उघडंच होतं. मला बघून तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "आलात बाई! मी सगळ्यांना सांगत होते, त्यांना कळलं की त्या येतीलच. पंप बिघडलाय ना? दुरुस्तीला किती दिवस लागतील?"

ताई, ती अडीच महिने शेजाऱ्यांची समजूत घालत होती. माझ्या वतीनं.

स्वयंपाकघरात पूर्वी पिंपं होती त्या जागी आता एक छोटं टेबल मांडलंय. फरशीवर पिंपांचे गोल डाग अजून दिसतात आणि टेबलाचे पाय बरोबर त्या डागांत उभे. टेबलावर, टेबलाखाली, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे भांडी भरून ठेवलेली. पातेली, डबे, चहाची किटलीसुद्धा. पूर्वी त्यांच्याकडे पाणी नव्हतं, पण पिंपं तरी होती. आमच्या भरवशावर त्यांनी ती विकली. मी त्यांना होते तिथून पुढे नाही, मागे आणलंय. सासूबाई आतून म्हणाल्या, "हीच का ती गरम पाणीवाली?"

मी नर्सला म्हटलं, "पंप बिघडलेला नाही. मी तो लवकर बंद करतेय."

तिला आधी कळलंच नाही. तिनं विचारलं, "का?"

मला उत्तर देता आलं असतं. करार, हिस्सा, बिल, अहवाल, रुग्णालय. एकेक गोष्ट खरी होती. त्या किटलीकडे बघत मला त्यातली एकही सांगता आली नाही. मी म्हटलं, आज दुरुस्त होईल. तिनं मान डोलावली आणि माझ्यासमोरून बादली उचलून जिना उतरायला लागली. "आजचं तर आणायला हवं ना," म्हणाली. उपरोधानं नाही, अगदी साधं म्हणाली. मी दुसरी बादली उचलली. वर येताना दुसऱ्या वळणावर माझा दम गेला आणि मी बादली टेकवली. तू कधी टेकवायची नाहीस. टेकवली तर पुन्हा उचलवत नाही, म्हणायचीस.

टायमर मी तिथूनच पंपघरात जाऊन पूर्ववत केला. सावकाश मागे उभे होते. मी कव्हरचे स्क्रू पुन्हा लावायला लागले तर म्हणाले, "ते राहू द्या हो, आधी बटण दाबा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाई झालेली पाहिली.

मग ऑफिसात गेले आणि अहवाल मागे घेते असं सांगितलं. अभियंत्यांनी विचारलं, "आकडे चुकलेत का?"

"आकडे बरोबर आहेत. पाणी कमी आहे."

"पाणी या अहवालात कुठे येत नाही."

"तेच चुकलंय," मी म्हटलं.

मी सांगितलं, दुसऱ्या पंपघरात तसाच जुना पंप अजून चालू आहे. तो काढायच्या आधी मी माझ्या खर्चानं पाण्याचं मीटर बसवते. जुना पंप तेवढ्या पाण्याला किती वीज खातो आणि नवा किती, हे तुमच्या डोळ्यांसमोर मोजू. पुढचा करार पाण्यावर करा. ते म्हणाले, त्यांच्या हातात नाही, वर लिहावं लागेल, आणि वरून काय येईल, कधी येईल, ते सांगता येत नाही. "अर्ज करा," म्हणाले. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे सरकवला. मी घेतला. गार झाला होता.

म्हणजे हाती काय आलं? पहिल्या पंपघराचा हिस्सा गेला, कदाचित पाचही वर्षांचा. पंप मात्र चालवायचा. रुग्णालयाच्या टेंडरला आपण पात्र नाही. सावकाशांनी लाँड्रीवाल्याकडे, बेकरीवाल्याकडे स्वतःहून चक्कर टाकली आणि दोन जळक्या मोटरी घेऊन आले. मी बाकावर बसून तार गुंडाळायला शिकतेय. सावकाश म्हणतात, माझी कॉइल बघून भावोजी हसले असते. मागची खोली भाड्यानं द्यायची आहे. त्यात भावोजींचं कपाट आहे, त्याचं काय करू ते कळव. न विचारता हलवणार नाही.

नवा अहवाल सोबत आहे. पंप पूर्ण वेळ चालत होता त्या मे-जूनचे आकडे आणि टायमरची वेळही त्यात लिहिली आहे. बचतीच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलंय. हे सादर करावंच लागतं. सही करण्याजोगं यात काय आहे, मला माहीत नाही. पण यात तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हिशेबी

*

१८ नोव्हेंबर

ताई,

काल आपण बोललो तरी हे लिहितेय, कारण फोनवर मला जे बोलता आलं नाही ते कुठेतरी लिहायला हवं.

अहवाल परवा मिळाला. तिन्ही ठिकाणी सह्या, आणि 'नाही'च्या बाजूला एक जास्तीची, जिथे खूण नव्हती तिथे. मी ते पान सावकाशांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मोठ्या बाईंचं अक्षर बिघडलंय." एवढंच.

काल सकाळी मी अहवालाची प्रत घेऊन वसाहतीत गेले होते. वर नर्सकडे बसले होते, तिची रात्रपाळी संपवून ती नुकतीच आली होती. तिनं पाणी सोडून ठेवलं होतं. मला काय वाटलं कोण जाणे, तिथूनच तुला फोन लावला. भाचीनं उचलला. मी म्हटलं, आई अंघोळीला गेलीय का? ती जरा थांबली आणि म्हणाली, "नाही मावशी, इथेच आहे. देते."

मग तुझा श्वास ऐकू आला. मी ठरवलेलं सगळं विसरले. दुसरं पंपघर, अर्जाचं अजून काही उत्तर आलेलं नाही, भावोजींचं कपाट, त्या वीस वर्षांबद्दल माझ्याकडे आता कुठलंच चांगलं उत्तर उरलेलं नाही, यातलं काही बोलले नाही. म्हटलं, मी वरच्या मजल्यावर आहे.

तू म्हणालीस, "मग ऐकव."

मी फोन नळाजवळ धरला. नर्स बघत होती, तिला वाटलं असेल, ह्या बाईचं डोकं फिरलंय. सासूबाईंनी तिला विचारलं, फोन धुतेय का ही? मी तसाच धरून उभी राहिले, हात भरून आला तरी. तुझ्याकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, लाइन गेली. फोन कानाला लावला.

"खालच्या कोणीतरी आत्ता नळ सोडला," तू म्हणालीस.

मी धारेकडे पाहिलं. मला काही फरक दिसत नव्हता. मग दिसला. धार थोडी बारीक झाली होती. पण येत होती.

मी विचारलं, "बंद करू का?"

तू म्हणालीस, "नको. वाहू दे थोडा वेळ."

हिशेबी